आपट्याखालच्या पेट्या

"अगं बया, ते चाक कुणाचं?"

जीपच्या डाव्या अंगानं एक चाक आम्हाला मागं टाकून सुसाट पुढं निघालं होतं. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. मी बघतेय तोवर मागनं लोखंड डांबरावर घासल्याचा कर्कश आवाज आला, जीपला हिसका बसला, आणि मगच कळलं की चाक आमचंच. ते पुढं वळणावर दगडाला थडकलं, एक गिरकी घेतली आणि चरात आडवं झालं.

"ब्रेक मार, इष्ण्या! ब्रेक!" आबा ओरडले. आबा म्हणजे माझे सासरे, आणि इष्ण्या म्हणजे आमचे हे.

यांनी ब्रेक आधीच मारला होता. तरी आबा ओरडतच राहिले. आबांचं तसंच होतं. गाडी थांबली तरी तोंड थांबायला वेळ लागायचा.

आम्ही तिघं खाली उतरलो. ट्रेलर डाव्या अंगावर टेकला होता. पुढची पत्र्याची खोली वाकडी दिसत होती, आतली भांडी घरंगळल्याचा आवाज अजून येत होता. मागच्या फळ्यांवर बांधलेल्या चाळीसेक पेट्या दोरांनी धरल्या म्हणून जागेवर राहिल्या होत्या. त्या पेट्यांतून मात्र अशी काही घुंघुं निघत होती की मी दोन पावलं मागं सरले.

मधमाश्यांच्या पेट्या त्या. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, जावळीच्या डोंगरात. तिथं पावसाळा सरला की डोंगरातली फुलं संपतात. मग पेट्या उचलायच्या आणि सांगोल्याकडं सूर्यफुलाला न्यायच्या, तिथलं फूल सरलं की आणखी कुठं. वर्षातले आठ महिने आमचा संसार त्या ट्रेलरवरच. एका ठेकेदाराचा टाकून दिलेला सांगाडा यांनी आणला होता. त्यावर पत्रा ठोकून पुढं खोली काढली. तिच्यात एक बाकडं, एक स्टो आणि देवाचा फोटो. मागं पेट्यांच्या फळ्या.

मी त्या ट्रेलरला माझी सवत म्हणायचे. खोटं नाही, लग्नाला वर्ष झालं होतं आणि माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त. आज पाटा तुटला, उद्या ट्यूब फाटली, परवा छत गळायला लागलं. मागचे दिवे तर कधी लागायचे ते तिचं तिला माहीत. रस्त्याकडेला बसून मी पाना कुठला, जॅक कुठं लावायचा, बेरिंगमधे ग्रीस कसं दाबायचं, सगळं शिकले होते. माहेरी गेले की आई विचारायची, हाताला काळं काय लागलंय गं? मी म्हणायचे, मेंदी.

पण त्या दिवशी थट्टा सुचत नव्हती. दिवस कासराभर वर आला होता. माण तालुक्यातला तो माळ, नजर पोचेल तिथवर कुसळं आणि दगड. एरवी आम्ही दिवस मावळल्यावर निघायचो आणि उजाडायच्या आत पेट्या जागेवर मांडायचो. पेट्यांची दारं जाळीची पट्टी मारून बंद केलेली असतात. बंद पेटीला ऊन लागलं की माश्या तापतात, तापल्या की पंख जास्त हलवतात, त्यानं पेटी आणखी तापते. मेण मऊ पडतं, पोळी खाली बसतात आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. आमच्या वरच्या वाडीतल्या एका माणसाच्या पेट्या अशाच एका दुपारी गेल्या होत्या. त्यानं रिकाम्या पेट्या चुलीत घातल्या आणि पुण्याला हमालीला गेला.

उशीर झाला तो आबांच्या हट्टापायी. आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातलं सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडलेलं. पाने, जॅक, हातोडी, पोळी कापायची सुरी, धुराचा डबा. हळद-कुंकू वाहून वर झेंडूचा ढीग. त्या दिवशी हत्यार हलवायचं नाही, म्हणजे नाही. हे म्हणाले, "आबा, रातीच निघू, पाना तेवढा संगट घेतो." आबा म्हणाले, "माझ्या बापानं खंडेनवमीला सुई उचलली न्हाई. दसऱ्याच्या पहाटं उत्तरपूजा करू, शिव ओलांडू, सोन्यासारखा मुहूर्त हाय." पहाटे पूजा उतरवून निघेपर्यंत कोंबडा आरवून गेला होता.

आता हे वाकून चाकाच्या जागी बघत होते. हबच्या तोंडात बेरिंगचा चुरा झाला होता. यांनी बोट आत घातलं, फिरवलं आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"बेरिंग गेलं."

"जाणारच! स्वस्तातलं आणलंस ना? तवाच म्हनलं हुतं, चांगलं बघून घे. मी परवा सोता दोन्ही चाकं उतरवून ग्रीस भरलं, हातानं. तरी गेलं! मालच हलका, तर ग्रीस काय करंल?"

यांनी बोट बाहेर काढलं. उठले आणि ट्रेलरला वळसा घालून पलीकडच्या, धड असलेल्या चाकाशी गेले. थोड्या वेळानं तिकडून हातोडीची ठकठक ऐकू आली.

"आरं, मोडलंय हिकडं आन् ठोकतोयस कुटं तिकडं?" आबा कडाडले. "ध्यान कुटं हाय तुझं?"

"काय न्हाई. टोपण ढिलं वाटलं." हे परत आले, हात पँटला पुसले. "आबा, माझंच चुकलं. बेरिंग हलकंच हुतं. मी जीप सोडवतो, दहिवडीस्नं नवं आणतो. तवर तुमी पेट्या खाली घ्या. त्ये झाड दिसतंय का? सावलीला ठेवा."

माळावर तेवढं एकच झाड होतं. आपट्याचं, थोराड, रस्त्यापासून थोडं आत. बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड.

"आन् दारं?" मी विचारलं.

यांनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "दारं उघडायची न्हाईत. ही डोंगरातली सातेरी जातीची माशी, भ्यालेली हाय. अनोळखी जागी उघडलीस तर एक सुदिक ऱ्हानार न्हाई. राणीला घिऊन उडून जातील."

"आन् न्हाई उघडली तर?"

"तर नवरा लौकर आला पायजे. जा रं! उभा काय ऱ्हायलास बैलागत?"

जीप धुरळा उडवत गेली. आबा तिच्यामागं ओरडत राहिले, "चांगलं बघून घे! पुन्यांदा हलकं आणलंस तर बघ!"

मग आम्ही दोघं पेट्या वाहायला लागलो. आबांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. पण पेटी उचलली की पाऊल असं टाकायचे की आतलं पोळं हलायचं नाही. एका कडेला ते, एका कडेला मी. ठेच लागली तर संपलंच. मी देवाचं नाव घेत होते आणि आबा यांना शिव्या देत होते. "गाढव. हलकं बेरिंग घेतंय. शेंबडा हुता तवापासनं असाच." प्रत्येक पेटीमागं एक शिवी. मला राग येत होता. नवरा उपाशीपोटी उन्हात पळतोय आणि बाप इथं उद्धार करतोय!

"आबा, पुरं करा की आता," मी शेवटी म्हणाले. "किती बोलाल त्यांना?"

"मग काय तुला बोलू?"

मी पुढची पेटी धरली.

सगळ्या पेट्या आपट्याखाली आल्या. पण आपट्याची सावली ती काय, अर्ध्या पेट्यांवर ऊन गाळून पडत होतं. पिण्याच्या पाण्याची टाकी होती तीत पोती भिजवून आम्ही पेट्यांवर घातली. पोती कमी पडली तेव्हा मी माझी दोन लुगडी फाडली. एकेका पेटीला कान लावून मी ऐकत फिरत होते. घुंघुं मोठी असली की जीव घाबरायचा. पण आबा म्हणाले, "आवाज हाय तवर बरं. आवाज खाली गेला की समज, संपलं."

हे सांगावं आणि तेच व्हावं. कडेच्या एका पेटीचा आवाज मला बारीक वाटला. खाली बघितलं तर पेटीच्या फटीतून मध ओघळून मातीत जिरत होता. काळा पट्टा उमटला होता आणि त्यावर मुंग्या धावल्या होत्या.

"आबा!"

आबा आले. वाकले, बोट लावून चाटलं. त्या म्हाताऱ्याचं तोंड असं उतरलं की मला बघवेना.

"आबा, उघडा दारं," मी म्हणाले. "गेल्या तर गेल्या. जित्या तरी जातील."

"तुला काय कळतं गं? वरीस झालं न्हाई येऊन!"

"न्हाई कळत. पण ह्यो आवाज बारीक झालेला मला कळतोय."

आबा तसेच उभे राहिले. आयुष्यभराची कमाई त्या चाळीस लाकडी पेट्यांत कोंडलेली. उघडावी तर उडून जाणार, कोंडून ठेवावी तर मरणार. मग त्यांनी धुराचा डबा पेटवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या मागनं चल. दारावर हलका धूर सोड. फुसकन सोडलास तर बघ."

एकेक पट्टी निघत गेली. माश्या दारातून भडाभडा बाहेर आल्या. माझ्या तोंडासमोर, केसांत, हातावर. एक-दोघींनी डंख मारला, पण मी हूं की चूं केलं नाही. आपट्याभोवती त्यांचा ढग फिरायला लागला. आबा मान वर करून, एका डोळ्यानं, ओठ हलवत बघत होते. ढग वर जातोय की खाली येतोय, एवढंच बघायचं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ढग विरळ झाला. काही माश्या दारावर येऊन बसल्या आणि पंख हलवून आत वारा घालायला लागल्या.

"ऱ्हायल्या का, आबा?"

"गप. आत्ताच नगं बोलू. सांजपत्तुर न्हाई सांगता येत." मग स्वतःशीच म्हणाले, "त्या गाढवानं चांगलं बेरिंग आणलं म्हंजी झालं."

आम्ही दोन घोट पाणी पितोय तोवर समोरून सहा-सात माणसं आली. पुढं एक उंच म्हातारा, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. ती माणसं पेट्यांकडं बघून लांबच थांबली.

"पाव्हणं, ह्ये काय मांडलंय हितं?"

"दिसत न्हाई का? माश्या हायत," आबा म्हणाले. "लांब ऱ्हावा."

"लांब कसं ऱ्हावावं? ही आमच्या कारंडेवाडीची शिव. आज दसरा. दुपार कलली की बिरोबाची पालखी हितंच येती सोनं लुटायला. ढोल हायत, झांजा-कैताळ हाय, समदं गाव हाय. पेट्या उचला."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. गजी ढोल ऐकलेत का कधी? पाच-पन्नास पावलांवरून छातीत धडधडतात. नुकत्या कुठं टेकलेल्या माश्यांच्या कानाशी ते वाजले तर एक तर पळतील, नाही तर गावावर तुटून पडतील. आणि पेट्या उचलायच्या म्हटलं तरी जमणार नव्हतं. बाहेर गेलेल्या माश्या परत आल्याशिवाय पेट्या हलवता येत नाहीत, हलवल्या तर त्या परत येऊन घर शोधत तिथंच मरतात. आणि हलवून ठेवणार कुठं? ट्रेलर तर लंगडा.

आबांनी समजावून सांगायचं, तर ते सुरूच झाले. "दुसरीकडं न्या पालखी! झाड काय तुमच्या बापाचं हाय?"

"व्हय की," म्हातारा शांतपणे म्हणाला. "बापानंच लावलंय. मी पुजारी धुळाबापू कारंडे. तुमी कोन?"

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी आबांचं तोंड थांबलेलं बघितलं. मागची तरणी माणसं चिडली होती. एक जण काठी सरसावून म्हणाला, "लई ऐकून घेऊ नगासा, बापू. लाथंनं ढकलू पेट्या."

मी पदर खोचला आणि पुढं झाले. "बापू, तुमी हिकडं या. एकलेच या. चावणार न्हाईत, माझा शबुद."

धुळाबापू आले. मी त्यांना पेटीशी वाकवलं. "कान लावा."

त्यांनी पागोटं जरा वर सारलं, कान लावला. बराच वेळ तसेच राहिले.

"आता ह्या पेटीला लावा." मी त्यांना मध गळालेल्या पेटीशी नेलं. तिच्यात काहीच आवाज नव्हता. तिथला मध आणि मुंग्या त्यांनी बघितल्या. मी म्हणाले, "सकाळी हीबी बोलत हुती. ढोल वाजला तर बाकीच्याबी अशाच हुतील. आमची मेंढरं म्हना, लेकरं म्हना, हीच हायत. दिवस मावळला की आमी जातो. तवर तुमच्या पदरात घ्या."

धुळाबापू उठले, गुडघे झाडले. माघारी जाऊन म्हणाले, "मेंढवाड्याशेजारी मेंढी व्याया लागली तर आपुन ढोल वाजवतो का रं?"

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाई वाजवत. मग आज का वाजवायचा?"

"पर ढोलाबिगार पालखी कशी, बापू? आजवर झाली न्हाई," काठीवाला कुरकुरला.

"का? देव काय बहिरा हाय? आपुन आलोय ते त्येला दिसंल की."

ते गेले. आबांनी माझ्याकडं बघितलं, खाकरले आणि तांब्या उचलून माझ्यापुढं धरला. तांब्यात पाणी उरलं नव्हतं, पण मी तो घेतला.

दुपार कलताना हे आले. घामानं निथळलेले, हातात बेरिंगचा खोका. उघडी दारं बघून जागीच थबकले.

"ऱ्हायल्यात," मी सांगितलं. "एक पेटी गेली."

"आलं का बेरिंग?" आबा लगेच सुरू. "दाव इकडं. हं. ह्ये आधी आणलं असतंस तर? आज बायकोनं वाचिवलं तुला. पेटीचं पाप तुझ्या माथ्यावर!"

"व्हय आबा," हे म्हणाले आणि ट्रेलरखाली शिरले.

पालखी आली तेव्हा आधी मला कळलंच नाही. वळणावर भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं दिसली, पण आवाज नाही. ढोल पाठीला बांधलेले, त्यांवर घोंगड्या पांघरलेल्या. बायकांनी जोडवी वाजणार नाहीत तेवढी घट्ट बसवली होती आणि हातातल्या बांगड्या मुठीत धरल्या होत्या. पोरांनी तोंडावर हात ठेवलेले. सगळं गाव अनवाणी, पावलं उचलून टाकत येत होतं. भंडारा उधळला नाही, एकमेकांच्या कपाळाला बोटानं लावला. धुळाबापूंनी शेंदराच्या दगडाला नारळ फोडला नाही, नुसता टेकवला. मग माणसं एकेक करून पलीकडच्या फांदीला जात होती, दोन पानं खुडत होती आणि पेट्यांना वळसा घालून परत येत होती.

मधेच एका ढोलक्याची काठी ढोलाला लागली. ढुम्! सगळं गाव जागच्या जागी गोठलं. मी डोळे मिटले. पेट्यांची घुंघुं जरा चढली आणि परत खाली आली. त्या ढोलक्याच्या बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं घरी काय झालं असेल ते देवालाच ठाऊक.

तेवढ्यात आबांनी माझा दंड धरला. एका पेटीच्या दाराकडं त्यांचं बोट होतं. परत आलेल्या माशीच्या मागच्या पायांवर पिवळे ठिपके होते. तिच्यामागं आणखी एक आली, तशीच.

"पराग आणत्यात," आबा कुजबुजले. "बोरीचा. पोरांसाठी दाणापाणी भरत्यात. आता न्हाई जायच्या." आणि म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

पालखी गेली. उन्हं उतरायला लागली, चाक बसत आलं होतं. आबा म्हणाले, "हौसे, पहाटंच्या पूजंचं निर्माल्य बांधून घेतलंयस न्हवं? आण. नदी काय लागली न्हाई, हितंच देवाच्या बुडाला सोडू."

मी ट्रेलरच्या खोलीत गेले. पहाटे अंधारात हत्यारं उचलून झाल्यावर पाटावरचा फुलांचा ढीग मी तसाच फडक्यात गोळा केला होता. गाठ उचलली तर आत काहीतरी टणक लागलं. मी गाठ सोडली. झेंडूच्या पाकळ्यांत दोन पिना होत्या. हळद-कुंकू लागलेल्या, घासूनपुसून लख्ख.

चाकाचा नट फिरू नये म्हणून त्याच्या आरपार मारतात त्या पिना. बेरिंग घट्ट राहतं ते त्यांच्यामुळं. मीच कितीदा पक्कडीनं सरळ करून दिल्या होत्या. एकेका चाकाला एक. आबांनी ग्रीस भरताना काढल्या, रॉकेलमधे धुतल्या, आणि खंडेनवमी आली तशा पाटावर मांडल्या. लोखंड ते लोखंड. हत्यार म्हणून त्यांचीही पूजा झाली आणि परत बसवायच्या राहिल्या.

दोन पिना. मग दुसरं चाक? मी खाली उडी मारली आणि पलीकडं धावले. चाकाचं टोपण बोटानं काढलं. नटात पिनेच्या जागी एक खिळा मारला होता. नवा, वाकवलेला. पेट्यांना मारतो तसला.

सकाळची ठकठक मला आता ऐकू आली.

मी तशीच यांच्यापाशी आले. मूठ जराशी उघडली. यांनी बघितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. फक्त मान हलवली, नको म्हणून. मी पिना पदराच्या टोकात बांधल्या आणि फुलं आबांच्या ओंजळीत दिली.

सगळं तिथंच मिटलं असतं. पण यांनी डावीकडं नवी पिन मारली आणि दुसरी घेऊन उजवीकडं निघाले.

"तिकडं कशाला?" आबांनी विचारलं.

"बघतो जरा."

"काय बघतोस? त्या चाकाला काय झालंय? सर." आबा स्वतःच खाली बसले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं दिसायचं. बोटं नटावर फिरली, खिळ्यावर थांबली. परत फिरली, परत थांबली.

"हौसे," ते वर न बघता म्हणाले, "फुलं हलकी का लागली गं मला? त्यात आनखी काय हुतं?"

मी यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते. आबांनी हात पुढं केला. काय करणार? मी पदराची गाठ सोडली.

आबांनी पिना डोळ्याजवळ नेल्या. कुंकवाचा कण बोटाला लागला तो बघितला. मला वाटलं, आता आबा पडतायत की काय. मी जवळ सरकले.

"म्हंजी बेरिंग चांगलंच हुतं," आबा म्हणाले.

"व्हय."

"तुला सकाळीच कळलं."

"व्हय."

"मी दिसभर तुला... पेटीचं पापबी तुझ्याच माथ्यावर..." त्यांनी पिना मुठीत आवळल्या. "आन् तू ऐकून घेतलंस? तोंड न्हवतं तुला? सांगितलं का न्हाईस मला?"

यांनी हातातली नवी पिन खाली ठेवली. मग म्हणाले, "आबा, तुमी वरडत हुता तवर मला धीर हुता. तुमी गप बसला असता तर माझं हातपाय चाललं नसतं."

आबा उठले. आपट्यापाशी गेले, चाचपडत दोन पानं खुडली. सोनं धाकट्यानं थोरल्याला द्यायचं असतं आणि पाया पडायचं असतं. आबांनी ते सोनं यांच्या हातात ठेवलं आणि यांची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली. हे पाया पडायला वाकले तर आबांनी वाकू दिलं नाही.

दिवस मावळला. माश्या घरात आल्या. आम्ही दारं लावली, पेट्या चढवल्या. धुळाबापू पोळ्यांची चवड आणि दुधाची चरवी घेऊन आले होते, ती त्यांनी माझ्या हातात दिली. ट्रेलर जीपला जोडला.

आबा जीपमधे पुढं बसले. मी मागं. हे स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली. जीप चालू झाली तरी गिअर टाकेनात. आबा समोर काळोखाकडं बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. त्यांचं ते गप्प बसणं मला सोसेना, मग यांना कसं सोसावं?

"आबा," हे म्हणाले, "बोला की कायतरी."

आबा नुसते गुडघ्यावर हात घासत राहिले.

"आबा."

आबांनी नाक ओढलं. मग वळले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की मागं पेट्यासुद्धा घुमल्या असतील.

"बगतोस काय माझ्या तोंडाकडं? नीट चालव, गाढवा!"

यांनी गिअर टाकला.